खिमा नूडल्स

खिमा नूडल्स हा उकडलेल्या नूडल्स, बारीक केलेले मांस (खिमा) आणि चिरलेल्या भाज्या मोठ्या आचेवर तेलात परतून, सोया सॉसची चव देऊन केला जाणारा खाद्यपदार्थ आहे. त्याची गणना भारतीय-चिनी खाद्यपद्धतीत होते. सर्व पूर्वतयारी झालेली असल्यास तो अर्ध्या तासाच्या आत तयार होतो. पूर्व आशियाई धाटणीच्या अशा झटपट नूडल्स जगात अनेक ठिकाणी गोमांसाच्या खिम्यापासून करतात. महाराष्ट्रात गाय, वळू व बैल यांच्या कत्तलीस कायद्याने बंदी असल्यामुळे येथे हा पदार्थ बोकडाच्या, कोंबडीच्या किंवा म्हशीच्या खिम्यापासून होतो. सोयाबीनचा चुरा वापरून त्याचा शाकाहारी प्रकारही केला जातो.

पदार्थ झटपट होत असला, तरी त्यातील खिमा आतपर्यंत पूर्ण शिजणे आवश्यक असते. मांस दळताना त्याच्या पृष्ठभागावरील जिवाणू संपूर्ण खिम्यात मिसळतात. त्यामुळे अर्धकच्चा खिमा हा अर्धकच्च्या अखंड तुकड्यापेक्षा अधिक धोकादायक ठरतो.

नाव

‘खिमा’ हा शब्द मराठीत फारसी ‘कीमा’ या शब्दावरून आला. त्याचे मूळ तुर्की भाषेतील ‘बारीक चिरणे’ या अर्थाच्या धातूत आहे. दख्खनमधील सुलतानशाह्यांच्या काळात राज्यकारभार, पोशाख व खाद्यपदार्थ यांविषयीचे अनेक फारसी शब्द मराठीत रुळले. १४९० मध्ये स्थापन झालेले अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ही त्यांपैकी निजामशाहीची राजधानी होती.

‘नूडल’ हा शब्द जर्मन ‘नुडेल’ या शब्दावरून इंग्रजीत व तेथून मराठीत आला. परतलेल्या नूडल्सना चिनी भाषेत ‘चाऊमिन’ म्हणतात. त्यातील ‘चाऊ’ म्हणजे परतणे आणि ‘मिन’ म्हणजे गव्हाच्या पिठाच्या नूडल्स. महाराष्ट्रातील फलकांवर व वेष्टनांवर मात्र ‘हक्का नूडल्स’ हे नाव अधिक आढळते. हक्का हा मूळचा दक्षिण चीनमधील एक समाज असून त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘पाहुणी कुटुंबे’ असा होतो. कोलकात्यात स्थायिक झालेल्या चिनी लोकांमध्ये हक्कांची संख्या मोठी होती.

मराठी बोलीत बोकडाच्या मांसाला ‘मटण’ म्हणतात. म्हैसवर्गीय किंवा गोवंशीय जनावराच्या मांसासाठी काही भागांत ‘मोठ्याचे’ किंवा ‘बड्याचे’ असा शब्दप्रयोग केला जातो. त्यामुळे नुसत्या ‘खिमा’ या शब्दावरून मांस कोणत्या प्राण्याचे आहे, याचा बोध होत नाही.

इतिहास

नूडल्सची पूर्वपीठिका

चीनमध्ये नूडल्सची परंपरा फार जुनी आहे. वायव्य चीनमधील लाजिया या पुरातत्त्वीय स्थळी सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या नूडल्सचे अवशेष सापडले आहेत. बारीक केलेले मांस आणि नूडल्स एकत्र खाण्याची पद्धतही चीनमध्ये रूढ आहे. उत्तर चीनमधील ‘झाजियांगमियन’ या पदार्थात आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात परतलेले बारीक मांस नूडल्सवर घालतात. सिचुआन प्रांतातील ‘दानदान’ नूडल्सवर मसालेदार बारीक मांस आणि मिरचीचे तेल असते. या दोन्हींत मांस वरून वाढतात व खाणारा ते नूडल्समध्ये कालवतो. खिमा नूडल्समध्ये मात्र दोन्ही घटक कढईतच एकत्र परतले जातात. या दृष्टीने हा पदार्थ चाऊमिनला अधिक जवळचा आहे.

महाराष्ट्रालाही पिठाच्या बारीक सुतांचा परिचय नवा नाही. गव्हाच्या शेवया उन्हाळ्यात करून, वाळवून वर्षभरासाठी साठवण्याची रीत राज्यभर होती. त्यांची खीर किंवा उपमा करतात. कोकणात तांदळाच्या उकडीच्या ताज्या शेवया नारळाच्या गोड रसाबरोबर खातात. गव्हले, मालत्या, नखुले व बोटवे हे हाताने वळले जाणारे प्रकार लग्नकार्यातील रुखवतात मांडले जातात. तथापि शेवया मांसाबरोबर मोठ्या आचेवर परतण्याची पद्धत या परंपरेत नव्हती. ती चिनी पाककृतींबरोबर आली.

भारतातील आगमन

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तोंग अछ्यू या चिनी व्यापाऱ्याने कोलकात्याजवळ हुगळी नदीच्या काठी उसाची लागवड व साखर कारखाना सुरू केला. ते ठिकाण त्याच्या नावावरून अछिपूर म्हणून ओळखले जाते. पुढे कोलकात्यात चिनी वस्ती वाढत गेली. कातडी कमावण्याच्या व्यवसायातील हक्का कुटुंबे टांगरा या भागात एकवटली. तेथील उपाहारगृहांत चिनी परतण्याची पद्धत आणि भारतीय आले, लसूण, हिरवी मिरची यांचा मेळ बसला. या मिश्रणातून आजची भारतीय-चिनी खाद्यपद्धती घडली.

मुंबईतही लहान चिनी वस्ती होती. माझगाव येथील सी यप कून हे चिनी मंदिर १९१९ मध्ये उभारले गेले. १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर भारतातील अनेक चिनी वंशाच्या नागरिकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. त्यानंतर अनेक कुटुंबांनी देश सोडला. त्यांची संख्या घटत असतानाच त्यांच्या खाद्यपदार्थांची लोकप्रियता मात्र वाढत गेली.

महाराष्ट्रातील प्रसार

१९७० च्या दशकात मुंबईतील मोठ्या हॉटेलांत सिचुआन पद्धतीचे तिखट पदार्थ मिळू लागले. सिचुआन या नावाचेच भारतीय रूप म्हणजे ‘शेजवान’ होय. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वाँग यांना ‘चिकन मंचुरियन’ या पदार्थाचे श्रेय दिले जाते. त्यांनी तो १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात प्रथम केला, असे सांगितले जाते. आले, लसूण व हिरवी मिरची परतून त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घालणे आणि कॉर्नफ्लोरने रस दाट करणे, ही त्यातील पद्धत पुढे भारतीय-चिनी स्वयंपाकाची ओळख ठरली.

१९८० च्या दशकात झटपट नूडल्सची पाकिटे भारतीय बाजारात आली. अशा तळून वाळवलेल्या नूडल्सचा शोध जपानमधील मोमोफुकू आंदो यांनी १९५८ मध्ये लावला होता. या पाकिटांमुळे नूडल्स हा शब्द व पदार्थ महाराष्ट्रातील लहान गावांतही पोहोचला. त्यानंतर हातगाड्यांवर चायनीज पदार्थांची विक्री वाढली. या गाड्यांवर मोठ्या ज्वालेची शेगडी, खोलगट लोखंडी कढई, लांब दांड्याचा झारा आणि उकडून तेल लावून ठेवलेल्या नूडल्सचा ढीग ही सामग्री आढळते. ‘हाफ’ व ‘फुल’ अशी मापे, ‘ट्रिपल शेजवान’ किंवा ‘चायनीज भेळ’ यांसारखी नावे याच व्यवसायातून रूढ झाली.

औद्योगिक वसाहतींच्या परिसरात या पदार्थांना विशेष मागणी असते. अहिल्यानगर शहरालगत मनमाड मार्गावर असलेल्या नागापूर येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. अशा वसाहतींत पाळ्यांमध्ये काम करणारे व घरापासून दूर राहणारे कामगार, तसेच शिकाऊ उमेदवार यांना एक शेगडी आणि एक कढई एवढ्याच साधनांवर होणारे जेवण सोयीचे ठरते. खिमा नूडल्समध्ये धान्य, मांस व भाजी एकाच भांड्यात येत असल्याने वेगळी पोळी, भात किंवा आमटी करावी लागत नाही.

खिम्याची परंपरा

खिमा हा महाराष्ट्रात चिनी पदार्थांच्या आधीपासून रूढ आहे. कांदा, आले, लसूण, गरम मसाला व हिरवे वाटाणे घालून केलेला खिमा मुस्लिम, ख्रिस्ती तसेच मांसाहारी हिंदू घरांत होतो. मुंबईतील इराणी उपाहारगृहांनी खिमा-पाव हा न्याहारीचा पदार्थ लोकप्रिय केला. धोबी तलाव भागातील १९०४ मध्ये स्थापन झालेले कयानी अँड कंपनी हे त्यांपैकी एक जुने उपाहारगृह आहे. गोव्यातील ख्रिस्ती घरांत उकडलेल्या बटाट्याच्या पारीत खिमा भरून ‘पोटॅटो चॉप’ करतात.

गोवंशाचे मांस हा महाराष्ट्रातील काही समाजांच्या आहाराचा भाग राहिला आहे. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या ग्रंथात केली आहे. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केल्या जाणाऱ्या ‘चान्या’ या साठवणीच्या पदार्थाचा त्यात समावेश आहे. छापील पाककृतींच्या पुस्तकांत असे पदार्थ क्वचितच आढळतात.

साहित्य

चार माणसांसाठी सर्वसाधारणपणे पुढील प्रमाण घेतात.

- कोरड्या हक्का नूडल्स : ३०० ग्रॅम
- खिमा : ३०० ग्रॅम
- तेल : ३ मोठे चमचे
- लसूण : ८ ते १० पाकळ्या, बारीक चिरून
- आले : १ इंच, बारीक चिरून
- हिरव्या मिरच्या : २
- कांदा : १, उभा चिरून
- गाजर व सिमला मिरची : प्रत्येकी १, लांब पातळ काप करून
- कोबी : १ वाटी, बारीक चिरून
- पातीचा कांदा : ३ ते ४ काड्या
- सोया सॉस : २ मोठे चमचे
- व्हिनेगर : १ लहान चमचा
- मिरचीचा सॉस : १ मोठा चमचा
- कॉर्नफ्लोर : १ लहान चमचा
- साखर : अर्धा लहान चमचा
- मिरपूड व मीठ : चवीनुसार

सोया सॉसमध्ये मीठ बरेच असल्याने वेगळे मीठ शेवटी चव पाहूनच घालतात.

कृती

पूर्वतयारी : आच सुरू झाल्यावर चिरण्यास किंवा मोजण्यास वेळ मिळत नाही. म्हणून सर्व भाज्या आधी चिरून घेतात आणि सोया सॉस, व्हिनेगर, मिरचीचा सॉस व साखर एका वाटीत एकत्र करून ठेवतात. खिमा धुतल्यास त्यातील पाणी लवकर निघत नाही व जिवाणूयुक्त शिंतोडे ओट्यावर उडतात. त्यामुळे मांस दळण्यापूर्वीच स्वच्छ करून घेणे श्रेयस्कर ठरते. खिम्याला एक चमचा सोया सॉस व कॉर्नफ्लोर चोळून तो १० ते १५ मिनिटे ठेवतात.

नूडल्स उकडणे : मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळून त्यात थोडे मीठ व नूडल्स घालतात. वेष्टनावर दिलेल्या वेळेपेक्षा साधारण एक मिनीट आधी, मध्यभागी किंचित कणी असतानाच त्या चाळणीत निथळतात. लगेच गार पाणी ओतून त्यांचे शिजणे थांबवतात आणि एक चमचा तेल हलक्या हाताने चोळतात. यामुळे त्या चिकटत नाहीत व पुढे परतताना तुटत नाहीत.

खिमा परतणे : लोखंडी किंवा जाड बुडाची कढई चांगली तापवून तेल घालतात. खिमा पसरून घातल्यावर पहिले एक मिनीट तो हलवत नाहीत. खालची बाजू तपकिरी झाल्यावर झाऱ्याने गुठळ्या फोडत परततात. सुरुवातीला मांसाला पाणी सुटते. ते आटल्यानंतरच खिमा तांबूस होऊ लागतो. कोंबडीच्या व म्हशीच्या खिम्याला यासाठी साधारण ६ ते १० मिनिटे लागतात. शिजलेला खिमा ताटलीत काढून ठेवतात.

एकत्र करणे : त्याच कढईत उरलेले तेल तापवून लसूण, आले व मिरच्या काही सेकंद परततात. त्यावर कांदा, गाजर, सिमला मिरची व कोबी या क्रमाने भाज्या घालून मोठ्या आचेवर दोन मिनिटे परततात. भाज्यांचा कुरकुरीतपणा टिकला पाहिजे. नंतर खिमा, नूडल्स व वाटीतील सॉस घालून दोन झाऱ्यांनी खालीवर करतात. सॉस सर्वत्र लागून वाफ निघू लागली, की मिरपूड व पातीचा कांदा घालून पदार्थ उतरवतात व लगेच वाढतात.

कृतीमागील तत्त्वे

अखंड तुकड्यांपेक्षा खिमा लवकर शिजतो, कारण दळल्यामुळे मांसाचे लांब तंतू तुटतात आणि उष्णता लागणारा पृष्ठभाग वाढतो. कडक भागांचे मांसही त्यामुळे खाण्यायोग्य मऊ होते. खिमा तुलनेने स्वस्त भागांपासून करता येतो, याचे कारण हेच आहे.

खिमा तपकिरी होताना त्यातील अमिनो आम्ले व शर्करा यांच्यात रासायनिक क्रिया होऊन खमंग वास निर्माण होतो. लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले. ही क्रिया साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे वेगाने होते. कढईत पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या आसपासच राहते, त्यामुळे पाणी न आटलेला खिमा परतला न जाता उकडला जातो.

घरातील गॅसची शेगडी हातगाडीवरील शेगडीपेक्षा बरीच कमी उष्णता देते. चार माणसांचे सर्व साहित्य एकदम घातल्यास कढई थंड होते, भाज्यांना पाणी सुटते व नूडल्सचा लगदा होतो. म्हणून घरी हा पदार्थ दोन वेळा, निम्म्या निम्म्या प्रमाणात परतल्यास अधिक चांगला होतो.

म्हशीचे मांस कमी चरबीचे व घट्ट तंतूंचे असते. ३०० ग्रॅम खिम्याला पाव लहान चमचा खाण्याचा सोडा चोळून १५ मिनिटे ठेवल्यास मांसाची आम्लता कमी होते. त्यामुळे प्रथिने कमी आकसतात, पाणी टिकते आणि खिमा मऊ राहतो. चिनी स्वयंपाकात ही पद्धत सर्रास वापरली जाते. सोड्याचे प्रमाण वाढल्यास मात्र साबणासारखी चव येते.

मांसाचे पर्याय

बोकडाचा खिमा : महाराष्ट्रात हा सर्वाधिक पसंत केला जातो. तो शिजण्यास वेळ लागतो. त्यामुळे तो आधी आले-लसूण लावून झाकण ठेवून २० ते २५ मिनिटे किंवा प्रेशर कुकरमध्ये दोन-तीन शिट्ट्या होईपर्यंत शिजवतात आणि नंतर पाणी पूर्ण आटवून नूडल्समध्ये घालतात.

कोंबडीचा खिमा : हा सर्वांत लवकर शिजतो व तुलनेने स्वस्त असतो. तो कोरडा पडू नये म्हणून मांडीचे मांस वापरतात.

म्हशीचा खिमा : गोमांसाच्या खिम्यावर आधारलेल्या परदेशी पाककृती महाराष्ट्रात करताना हा सर्वांत जवळचा पर्याय असतो. त्याचा रंग गडद व चव ठळक असते.

सोयाबीनचा चुरा : सोयाबीन हे विदर्भ व मराठवाड्यातील महत्त्वाचे पीक आहे. तेल काढलेल्या सोयापिठापासून केलेला चुरा १० ते १५ मिनिटे गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून खिम्याप्रमाणे परततात. पिळण्यात कसूर झाल्यास त्याला उग्र वास राहतो.

कायदेशीर बाजू

महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, १९७६ अन्वये राज्यात गायीच्या कत्तलीस बंदी होती. बैल व वळू यांची कत्तल मात्र प्रमाणपत्र घेऊन करता येत असे. १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या सुधारणा विधेयकास राष्ट्रपतींची संमती मिळून ते मार्च २०१५ मध्ये लागू झाले. त्यानुसार बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आली. बंदी मोडून कत्तल केल्यास ५ वर्षांपर्यंत कारावास व १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बंदीचे उल्लंघन करून कत्तल केलेल्या जनावराचे मांस बाळगणे हाही गुन्हा आहे. म्हशींच्या कत्तलीस सरसकट बंदी नाही. मात्र त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते.

मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी बैल व वळू यांच्या कत्तलीवरील बंदी वैध ठरवली. त्याच वेळी, राज्याबाहेर कत्तल केलेल्या जनावराचे मांस बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम आणि आरोपीवर निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार टाकणारे कलम न्यायालयाने रद्द केले. राज्यातील बेकायदा कत्तलीचे मांस बाळगल्याच्या गुन्ह्यात ताबा जाणीवपूर्वक असणे आवश्यक आहे, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

या कायद्याच्या समर्थनार्थ राज्यघटनेच्या ४८ व्या अनुच्छेदातील गोवंशरक्षणाविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वाचा व शेतीतील बैलांच्या उपयुक्ततेचा आधार दिला जातो. विरोधात आहारस्वातंत्र्य, मांस व्यवसायावर अवलंबून असलेल्या कुरेशी समाजाची उपजीविका, गरिबांना परवडणाऱ्या प्रथिनांची उपलब्धता आणि भाकड जनावरे सांभाळण्याचा शेतकऱ्यावरील भार हे मुद्दे मांडले जातात.

गोव्यात गायीच्या कत्तलीस बंदी असली, तरी बैलांची कत्तल प्रमाणपत्राच्या अटीवर करता येते. उसगाव येथे शासकीय कत्तलखाना आहे. कर्नाटकात जानेवारी २०२१ पासून कडक बंदी लागू झाल्यानंतर गोव्यातील पुरवठ्यावर परिणाम झाला. राज्याची सीमा ओलांडताच एकाच पाककृतीतील मांसाची वैधता बदलते, हे यावरून दिसते.

दळलेले व शिजवलेले मांस कोणत्या प्राण्याचे आहे, हे रंग, वास किंवा चवीवरून निश्चित करता येत नाही. सोया सॉसच्या गडद रंगामुळे नूडल्समधील खिमा ओळखणे आणखी कठीण होते. खात्रीशीर ओळख प्रयोगशाळेत डीएनए चाचणीनेच होते. अनेक लोकांसाठी हा धर्माचा, तर विक्रेत्यासाठी कायद्याचा प्रश्न असल्याने, परवानाधारक दुकानातून समोर दळून घेतलेला खिमा, खरेदीची पावती आणि फलकावर प्राण्याचा स्पष्ट उल्लेख या बाबी दोघांच्याही हिताच्या ठरतात.

अन्नसुरक्षा

१९९३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत अर्धकच्च्या गोमांसाच्या खिम्यातून ई. कोलाय जिवाणूच्या घातक प्रकाराचा संसर्ग पसरला. शेकडो लोक आजारी पडले व चार मुलांचा मृत्यू झाला. त्यानंतर खिमा शिजवण्याच्या तापमानाविषयी तेथे कडक निकष आले. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या शिफारशीनुसार गुरे व शेळ्या-मेंढ्यांचा खिमा आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस, तर कोंबडीचा खिमा ७४ अंश सेल्सिअस तापला पाहिजे. तापमापक नसल्यास सर्व गुठळ्या फोडणे, कोठेही गुलाबी रंग न राहणे आणि सुटलेले पाणी पूर्ण आटणे या खुणा पाहतात. केवळ रंगावर विसंबणे पुरेसे नसते. सोया सॉस लावलेल्या खिम्याचा रंग न शिजताही गडद दिसतो.

खिमा सामान्य तापमानात २ तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये. हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असल्यास ही मर्यादा १ तासाची मानली जाते. महाराष्ट्राच्या अंतर्भागात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो, त्यामुळे शीतकपाट नसलेल्या घरी खिमा आणल्याबरोबर शिजवणे योग्य ठरते. शीतकपाटातही कच्चा खिमा एक-दोन दिवसांहून अधिक ठेवत नाहीत. कच्च्या मांसासाठी वापरलेली सुरी व पाट भाज्यांसाठी वापरण्यापूर्वी साबणाने धुणे आवश्यक असते.

उकडलेल्या नूडल्सही दीर्घकाळ बाहेर ठेवल्यास बिघडतात. पिष्टमय अन्नात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे एक विष उष्णतेने नष्ट होत नाही. त्यामुळे सकाळी उकडून उन्हात राहिलेल्या नूडल्स रात्री कितीही मोठ्या आचेवर परतल्या, तरी त्या सुरक्षित होतीलच असे नाही.

पोषणमूल्य

१०० ग्रॅम कोरड्या मैद्याच्या नूडल्समधून सुमारे ३५० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. तंतुमय पदार्थ मात्र अल्प असतात. कमी चरबीच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. सोयाबीनच्या कोरड्या चुऱ्यात प्रथिनांचे प्रमाण वजनाच्या जवळपास निम्मे असते. मांसातील लोह शरीरात सहज शोषले जाते. भाज्यांचे प्रमाण नूडल्सइतके ठेवल्यास पदार्थ अधिक संतुलित होतो.

या पदार्थातील मुख्य उणीव म्हणजे मिठाचे आधिक्य होय. एक मोठा चमचा सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियमची शिफारस केली आहे. उच्च रक्तदाब असलेल्यांसाठी सॉस निम्मा करून लिंबाचा रस, लसूण व मिरपूड वाढवता येते. सोया सॉसमध्ये बहुधा गहूही असल्याने गव्हाची किंवा सोयाबीनची ॲलर्जी असणाऱ्यांना हा पदार्थ वर्ज्य ठरतो.

‘अजिनोमोटो’ या व्यापारी नावाने परिचित असलेले मोनोसोडियम ग्लुटामेट जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये वेगळे केले. त्याच्या मर्यादित वापरास परवानगी आहे. सोया सॉस व परतलेला खिमा यांत ग्लुटामेट मुळातच असल्याने घरगुती कृतीत ते वेगळे घालण्याची गरज भासत नाही.

झटपट नूडल्सच्या सुरक्षिततेचा प्रश्न २०१५ मध्ये देशभर चर्चिला गेला. शिशाचे प्रमाण अधिक आढळल्याच्या कारणावरून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ५ जून २०१५ रोजी मॅगी नूडल्स बाजारातून परत घेण्याचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०१५ रोजी हा आदेश रद्द करून फेरचाचण्यांचे निर्देश दिले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये हे उत्पादन पुन्हा विक्रीस आले.

प्रकार

- शेजवान खिमा नूडल्स : सुक्या लाल मिरच्या व लसणाची चटणी घालून केलेला तिखट प्रकार.
- अंडा-खिमा नूडल्स : परतताना कढईच्या एका बाजूस अंडी फोडून, ती घट्ट झाल्यावर मिसळतात.
- रस्सा खिमा नूडल्स : पाणी किंवा मांसाचा अर्क व कॉर्नफ्लोर घालून केलेला दाट रसाचा प्रकार, नूडल्सवर वेगळा वाढतात.
- मसाला खिमा नूडल्स : आदल्या दिवशीचा घरगुती मसालेदार खिमा झटपट नूडल्समध्ये मिसळून करतात. उरलेला खिमा शीतकपाटात ठेवलेला असावा आणि मिसळण्यापूर्वी वाफ येईपर्यंत पुन्हा तापवावा लागतो.
- सोया खिमा नूडल्स : सोयाबीनच्या चुऱ्याचा शाकाहारी प्रकार.